टेकऑफच्या त्या काही सेकंदांत: इराणचं वाळवंट, एप्रिल १९८०

रोटरवाला

नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात इथेच दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी सहज लिहून गेलं, "अमेरिकनांना साधं हेलिकॉप्टर उचलता आलं नाही, उभ्या विमानावर नेऊन आदळलं." ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. मी हवाई दलात वीस वर्षं काढली, बहुतेक सगळी हेलिकॉप्टरच्या युनिटांत, जमिनीवरच्या कामात. "साधं उचलणं" म्हणजे काय असतं ते मी पंख्याखाली उभं राहून पाहिलंय. म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधली अमेरिकी वकिलात आंदोलकांनी ताब्यात घेतली. त्यातले ५२ जण अखेरपर्यंत ओलीस राहिले. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना सोडवण्यासाठी गुप्त मोहिमेला मंजुरी दिली, तिचं नाव 'ईगल क्लॉ'. युद्ध जाहीर झालेलं नव्हतं हे खरं. पण दिवे बंद, रेडिओ बंद, परक्या देशात रात्री उतरायचं, म्हणजे माणसं युद्धातच होती.

२४ एप्रिल १९८० च्या संध्याकाळी अरबी समुद्रातल्या 'निमिट्झ' या विमानवाहू जहाजावरून आठ आरएच-५३डी सी स्टॅलियन हेलिकॉप्टरं निघाली. ही मुळात नौदलाची, समुद्रातले सुरुंग काढायची. मोठी, लांब पल्ल्याची, आणि जहाजावर दिसली तरी कुणाला संशय येऊ नये अशी. चालवणारे मात्र बहुतांशी मरीन वैमानिक. दुसरीकडून, ओमानच्या मासिरा बेटावरून, सहा सी-१३० जातीची विमानं निघाली. तिघांत डेल्टा फोर्सचे, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या विशेष पथकाचे जवान आणि सामान, तिघांत रबरी पिशव्यांतून हेलिकॉप्टरांसाठी इंधन. सगळ्यांनी तबसजवळच्या वाळवंटात, 'डेझर्ट वन' असं नाव दिलेल्या जागी भेटायचं, इंधन भरायचं आणि पुढे जायचं.

मोहीम पुढे न्यायला किमान सहा हेलिकॉप्टरं हवीत, असं आधीच ठरलं होतं. एकाच्या पात्यात तडा असल्याचा इशारा आला. (ही पाती आतून पोकळ असतात आणि त्यांत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. दाब घटला की तडा गेला असं समजायचं.) ते वाटेतच सोडावं लागलं. दुसरं धुळीत उपकरणं बिघडल्यामुळे जहाजावर परतलं. तिसरं पोचलं, पण त्याची हायड्रॉलिक यंत्रणा गेली होती. उरली पाच. डेल्टाचे प्रमुख कर्नल चार्ल्स बेकविथ यांनी मोहीम सोडायचं ठरवलं आणि वॉशिंग्टनहून होकार आला.

अपघात यानंतर झाला, हे लक्षात घ्या. मोहीम संपली होती. माणसांनी फक्त घरी जायचं होतं.

इंधनाचं एक ईसी-१३० विमान जवानांना घेऊन आधी निघणार होतं, कारण त्याचं स्वतःचं इंधन संपत आलं होतं. त्याच्या मागेच एक हेलिकॉप्टर उभं. त्याला बाजूला घेणं भाग होतं, आणि त्याला चाकांवर चालत जाता येत नव्हतं. म्हणून वैमानिकाने ते थोडंसं उचलून, अधांतरी ठेवून सरकवायला घेतलं. आम्ही त्याला हॉवर टॅक्सी म्हणतो. समोर जमिनीवर एक मार्शलर उभा होता, म्हणजे हातातल्या दिव्यांनी वैमानिकाला दिशा दाखवणारा माणूस.

पंख्याने धूळ उठली. वैमानिकाला आकाश दिसेना, जमीन दिसेना, शेजारचं विमान दिसेना. दिसत होता फक्त तो मार्शलर. आणि तो मार्शलर तोंडावर येणाऱ्या वाळूच्या माऱ्याने मागे मागे गेला. वैमानिकाला वाटलं, आपणच मागे घसरतोय. त्याने अंतर राखायला यंत्र पुढे घेतलं. पंखा विमानाच्या उभ्या शेपटीला लागला आणि हेलिकॉप्टर पंखाच्या मुळाशी कोसळलं. विमानात इंधन होतं.

आठ जण गेले. विमानातले पाच हवाई दलाचे आणि हेलिकॉप्टरमधले तीन मरीन. हेलिकॉप्टरचे दोन्ही वैमानिक भाजलेल्या अवस्थेत वाचले. विमानात खच्चून बसलेले डेल्टाचे जवान आगीतून दारावाटे बाहेर पडले.

इतकंच "साधं" होतं ते.

---

सुहास_के

काका, सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी आजवर "यंत्रं बिघडली म्हणून मोहीम फसली" एवढंच ऐकून होतो. अपघात परतताना झाला हे माहीत नव्हतं.

एक शंका. घाई कसली होती? धूळ बसेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबले असते तर?

---

रोटरवाला

सुहास, धूळ बसायला पंखे थांबावे लागतात. तिथे कुणीच इंजिनं बंद केली नव्हती. परक्या वाळवंटात बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू झालं नाही तर माणसं तिथेच राहिली असती. म्हणजे विमानांची आणि हेलिकॉप्टरांची इंजिनं तासन् तास एकत्र गरजतायत, कानाशी ओरडलेलं कळत नाही, अंधार आहे, आणि कोण हुकूम देतोय तेही नीट ओळखू येत नाही. नंतर ॲडमिरल होलोवे यांच्या चौकशी गटाने या शेवटच्या गोष्टीवर मुद्दाम बोट ठेवलं. तिथल्या अधिकाऱ्यांना ओळखायची काही ठळक खूणच ठेवली नव्हती.

त्यात हेलिकॉप्टरं तासभर, काही तर त्याहून जास्त उशिरा पोचलेली. विमानांचं इंधन जळतंय, उजाडायच्या आत इराणबाहेर पडायचंय. जागा रस्त्यालगतच होती. उतरल्या उतरल्या चाळीसहून अधिक प्रवाशांची एक बस आली, ती थांबवून ठेवावी लागली. मागून इंधनाचा टँकर आला, तो थांबेना म्हणून रॉकेट मारलं, आणि तो रात्रभर मशालीसारखा जळत होता. अशा ठिकाणी दहा मिनिटं फार मोठी असतात.

---

मस्कतकर

मी ओमानमध्ये बारा वर्षं होतो, बांधकाम क्षेत्रात. धुळीबद्दल थोडं लिहितो, कारण आपल्याकडे धूळ म्हटलं की वावटळ डोळ्यांसमोर येते.

तिकडे एक प्रकार असतो ज्यात वारा जवळजवळ नसतो. दूर कुठेतरी वादळ होऊन गेलेलं असतं आणि पिठासारखी बारीक माती हवेत तशीच लटकत राहते. दिवसा सूर्य पांढऱ्या बशीसारखा दिसतो. घराच्या बंद खिडकीच्या आतल्या कठड्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतका थर साचतो. गाडीचे दिवे लावले तर समोर भिंत उभी राहते. पहिल्या वर्षी मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बसलो होतो. थांबलेल्या गाडीत बसूनसुद्धा आपण सरकतोय असं वाटत होतं, हँडब्रेक दोनदा तपासला.

त्या रात्री हेलिकॉप्टरं अशाच धुळीच्या दोन मोठ्या पट्ट्यांतून गेली. आणि सी-१३० विमानं त्याच वाटेने पुढे गेली होती ना? त्यांना ती दिसली असणारच.

---

रोटरवाला

दिसली होती, मस्कतकर. विमानं मोठी, त्यांची दिशादर्शक साधनं चांगली, ती पार झाली. पण रेडिओ शांत ठेवायचा होता, त्यामुळे मागून येणाऱ्या हेलिकॉप्टरांपर्यंत बातमी पोचली नाही. अशी धूळ त्या भागात असू शकते ही माहिती हवामान खात्याच्या माणसांकडे होती, ती वैमानिकांपर्यंत गेली नव्हती. आणि जे हेलिकॉप्टर जहाजावर परतलं, त्याच्या वैमानिकाला पुढे आकाश मोकळं आहे हे कुणी सांगू शकलं असतं, तर कदाचित सहावं हेलिकॉप्टर हाताशी राहिलं असतं. यावर मी वर्षानुवर्षं विचार केलाय.

---

ऋता

एरोस्पेसची विद्यार्थिनी आहे, म्हणून भौतिकशास्त्राची बाजू मांडते.

हेलिकॉप्टर जमिनीजवळ स्थिर असतं तेव्हा पंख्याने खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते, बाहेरच्या कडेला वर वळते आणि त्यातली काही पुन्हा वरून पंख्यात ओढली जाते. मातीचे कण याच फेऱ्यात अडकतात. यंत्र जितका वेळ एका जागी, तितकी धूळ दाट. वेग पकडला, साधारण ताशी ३० ते ४५ किलोमीटरच्या पुढे, की पंखा सतत नव्या हवेत जातो आणि ढग मागे पडतो. म्हणून वाळवंटात उडताना शक्य तितक्या लवकर पुढे निघून जायचं, रेंगाळायचं नाही, असं शिकवतात.

काका, हॉवर टॅक्सीमध्ये नेमकं रेंगाळावंच लागतं ना? म्हणजे जे टाळायचं तेच करायची वेळ आली.

---

रोटरवाला

अगदी तेच. तू दोन परिच्छेदांत लिहिलंस ते समजायला मला नोकरीची चार-पाच वर्षं गेली.

---

धनंजय७१

लेख चांगला आहे, पण मी सहमत नाही. वैमानिकाला फार सांभाळून घेतलंय. प्रशिक्षित वैमानिकाने उपकरणं बघायला हवी होती. शेजारी इंधनाने भरलेलं विमान आहे हे माहीत असताना एका माणसाच्या हातवाऱ्यांवर विसंबायचं? दुसरं, आठच हेलिकॉप्टरं नेणं हीच घोडचूक. दहा-बारा नेली असती तर हा प्रसंगच आला नसता. चूक ती चूक, तिला भावनेचा मुलामा नको.

---

रोटरवाला

धनंजयराव, दुसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. होलोवे अहवालाने तेच म्हटलंय. बंधनं नसती तर नियोजन करणाऱ्याने किमान दहा हेलिकॉप्टरं मागितली असती. गुप्ततेपायी सगळ्या पथकांची एकत्र रंगीत तालीमही कधी झाली नव्हती. ज्यांनी त्या रात्री एकमेकांच्या पंख्याखाली काम केलं, त्यातले बरेच जण तिथेच पहिल्यांदा एकत्र आले.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. घरच्यांनाही नीटशी सांगितलेली नाही.

२००२ चा उन्हाळा. सैन्य पश्चिम सीमेवर तैनात होतं, युद्ध होणार असंच सगळे धरून चाललो होतो. आमचं एमआय-८ एका तात्पुरत्या हेलिपॅडवर. हेलिपॅड म्हणजे पाणी मारून चोपलेली माती, आणि दुपारपर्यंत ते पाणी उडून गेलेलं. मी मार्शलर. तोंडाला ओला गमछा, डोळ्यांवर गॉगल, दोन्ही हातांत टॉर्च, कारण दिवस मावळला होता. डाव्या हाताला, पंख्याच्या टोकापासून बऱ्यापैकी लांब, इंधनाचा बाउझर, म्हणजे टँकर, उभा.

यंत्र उचललं. एमआय-८ च्या पंख्याचा व्यास २१ मीटर, त्या सी स्टॅलियनचा २२. फार फरक नाही. पहिल्या झोतात गमछा सुटून गळ्यात आला आणि तोंड मातीने भरलं. मान खाली गेली. हात वर होते, शिकवलंय तसे, पण पाय मागे गेले. दोन पावलं की तीन, मला आजही सांगता येणार नाही. मला वाटत होतं मी जागेवर आहे.

पुढे काय झालं ते आवाजावरून कळलं. पंख्याचा सूर जवळ आला. मान वर केली तर नाकाडाच्या काचेत माझ्याच टॉर्च दिसत होत्या. आमच्या फ्लाइट इंजिनिअरने बाजूच्या खिडकीतून बाउझरचा पिवळा पट्टा पाहिला आणि ओरडला. कॅप्टनने यंत्र थेट वर खेचलं, धुळीच्या बाहेर. वाचलो.

अर्ध्या तासाने ते परत उतरले. मी थरथरत उभा. वाटलं आता कोर्ट मार्शल. कॅप्टनसाहेबांनी मला चहाचा ग्लास दिला आणि म्हणाले, "मी तुझ्याकडे बघत होतो. तू मागे गेलास, मला वाटलं मीच मागे चाललोय." दुसरं काही बोलले नाहीत.

त्या वेळी मला तबस हे नावही माहीत नव्हतं. काही वर्षांनी त्या अपघाताचं वर्णन वाचलं, तेव्हा पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसलो.

उपकरणांचं म्हणाल, तर १९८० च्या त्या हेलिकॉप्टरमध्ये "तू जमिनीवरून दोन मीटर पुढे सरकलास" असं सांगणारं काही नव्हतं. उंची कळते, कल कळतो, पण असं हळू सरकणं डोळ्यांनीच कळतं. आणि डोळ्यांना बाहेर एकच गोष्ट दिसत असेल तर मेंदू त्या गोष्टीला स्थिर धरतो. यात अनुभवी आणि नवखा असा भेद नाही. आणि मार्शलरलाही मी दोष देणार नाही. त्या माऱ्यात उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे.

---

धनंजय७१

काका, शब्द मागे घेतो. तुम्ही सांगितलंत ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. वैमानिकाबद्दलचं माझं मत बदललं. नियोजनाबद्दलचं तसंच आहे.

---

रोटरवाला

तसंच राहू द्या, माझंही तेच आहे.

---

हिमगिरी

बर्फातही हाच प्रकार होतो. फॉकलंड युद्धात, २२ एप्रिल १९८२ रोजी, दक्षिण जॉर्जिया बेटावरच्या फॉर्च्युना हिमनदीवरून ब्रिटिश एसएएस या विशेष दलाच्या जवानांना काढायला तीन वेसेक्स हेलिकॉप्टरं गेली. पहिलं उडाल्या उडाल्या पांढऱ्या अंधारात कोसळलं. त्यातली माणसं उरलेल्या दोघांत घेतली, तर दुसरंही कड्यावर आपटलं. तिसरं, ज्याला खलाशी लाडाने 'हम्फ्री' म्हणायचे, ते जहाजावर परतलं आणि पुन्हा जाऊन उरलेल्या सगळ्यांना क्षमतेपेक्षा जास्त वजन घेऊन उचलून आणलं. वैमानिक होते लेफ्टनंट कमांडर इयान स्टॅन्ली. दोन यंत्रं गेली, माणूस एकही गेला नाही. तबसपासून जवळजवळ दोन वर्षं.

पाणी, बर्फ, वाळू, तिन्हींत क्षितिज नाहीसं झालं की माणूस तोच.

---

अभ्या_नाशिक

आमच्याकडे नाशिकच्या गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे चीता आणि चेतक हेलिकॉप्टरं डोक्यावरून जाताना बघतच मोठा झालो. हा धागा वाचताना सारखी २७ फेब्रुवारी २०१९ ची आठवण येतेय. श्रीनगरहून उडालेलं एमआय-१७ काही मिनिटांतच बडगामला कोसळलं. हवाई दलाचे सहा जण आणि खाली जमिनीवरचा एक नागरिक गेला. आमच्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे त्यात होते. अंत्ययात्रेला गेलो होतो. इतकी माणसं, आणि आवाज नाही.

तेही या प्रकारात मोडेल का?

---

रोटरवाला

अभ्या, तो टेकऑफचा अपघात नव्हे. त्या सकाळी सीमेवर हवाई चकमक चालू होती आणि आपल्याच क्षेपणास्त्राने ते हेलिकॉप्टर पडलं. चौकशीत ते सिद्ध झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी ती मोठी चूक होती असं जाहीरपणे मान्य केलं. त्यावर इथे जास्त लिहिणं मला जड जातं, आपलीच माणसं होती. एवढंच म्हणतो, तबसला पुढच्याला जे दिसलं ते मागच्याला कळलं नाही, आणि बडगामलाही आकाशात कोण आहे ते जमिनीवरच्याला कळलं नाही.

चूक मान्य केल्याने काय होतं, तेही तबसच्या बाबतीत दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्टर यांनी दूरचित्रवाणीवर सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांनी राजीनामा दिला, त्यांचा या मोहिमेला आधीपासून विरोध होता. ओलीस सुटले २० जानेवारी १९८१ रोजी, ४४४ दिवसांनी, वाटाघाटींतून. पण सैन्यात बदल झाले ते या आगीमुळे. रात्री उडणारी खास हेलिकॉप्टर तुकडी उभी राहिली. तीच पुढे १६० वी रेजिमेंट झाली. १९८७ मध्ये सगळ्या विशेष दलांची एक कमांड झाली. विमानासारखं वेगाने जाणारं आणि हेलिकॉप्टरसारखं उतरणारं ऑस्प्रे बनवण्यामागेही तबसचा अनुभव होता.

---

सुहास_के

आणि तिथे राहिलेली हेलिकॉप्टरं?

---

रोटरवाला

पाच तशीच सोडून आले, काहींत कागदपत्रंसुद्धा. ती इराणच्या हाती लागली. इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी यांनी वाळूला देवाने पाठवलेली मदत म्हटलं. तबसजवळ त्या जागी आज मशीद आहे.

मृतदेहही काढता आले नाहीत, आग इतकी होती. मे महिन्यात ते परत मिळाले.

---

मंदाताई_पी

मी इथे फक्त वाचायला येते, लिहीत नाही. माझा मुलगा हेलिकॉप्टर चालवतो. कुठे ते लिहीत नाही.

सगळा धागा दोनदा वाचला. ॲडमिरल, कर्नल, राष्ट्राध्यक्ष सगळ्यांची नावं आली. जे गेले त्यांची कुणी लिहिली नाहीत. माहीत असतील तर लिहा भाऊ.

---

रोटरवाला

चुकलंच ताई. सगळ्यात आधी लिहायला हवी होती.

विमानातले: मेजर हॅरल्ड लुईस, मेजर लिन मॅकिन्टॉश, मेजर रिचर्ड बाकी, कॅप्टन चार्ल्स मॅकमिलन, टेक्निकल सार्जंट जोएल मेयो. मेयो फ्लाइट इंजिनिअर होते.

हेलिकॉप्टरमधले: स्टाफ सार्जंट ड्यूई जॉन्सन, सार्जंट जॉन हार्वी, कॉर्पोरल जॉर्ज होम्स.

आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत या आठांचं एकत्र स्मारक आहे.

---

मंदाताई_पी

लिहून घेतली. देवापुढे दिवा लावताना वाचली.

संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा विचारलं, तू उडतोस तेव्हा समोर हात वर करून उभा असतो तो कोण रे? त्याने लगेच नाव सांगितलं. मिरजेकडचा आहे म्हणाला, गेल्या महिन्यात त्याला मुलगी झाली. मी म्हटलं, सुट्टीला येशील तेव्हा त्यालाही घेऊन ये जेवायला.